हॉलसाठी रिकामी केलेली कोठी

भिंत आत पडली तेव्हा सासू कोठीत होती.

कोठी म्हणजे धान साठवायची. माती, कोंडा आणि शेण कालवून माजघरातच मागच्या भिंतीला लागून थरावर थर चढवत उभी केलेली, माणसाच्या डोक्याहून उंच, तोंड वरच्या अंगाला. आत उतरायचं तर शिडी लागते. सासू आत उतरून तळाला राहिलेलं धान हातानं सुपात ओढत होती. मिस्त्री घराच्या मागून त्याच भिंतीला खिडकीचं भोक पाडत होता आणि नवरा त्याच्याजवळ घमेलं धरून उभा होता. मातीची भिंत पडताना फार आवाज करत नाही. म्हैस बसते तशी बसते. ती बसली, तिच्यावर टेकलेली मयाल, म्हणजे छपराचं मोठं आडवं लाकूड, खाली आली, आणि मग छपराची कौलं, आमच्याकडचे कवेलू. कवेलूंचा मात्र आवाज झाला. एकेक करून ते बराच वेळ पडत राहिले.

मी समोरच्या छपरीत, ओसरीवर होते. धाकटी चार वर्षांची, माझ्याजवळ चिंचोके खेळत होती. आतून धुळीचा लोट दाराबाहेर आला आणि मला पोरगी दिसेना. मी तिचा पाय चाचपून धरला आणि तिला ओढत अंगणात नेलं. तिथे मिस्त्र्याची बायको डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन तशीच उभी होती. नवरा मागून धावत आला, भुवयांपर्यंत मातीने माखलेला, आणि दारात उभा राहून "माय, माय" करू लागला. आतून उत्तर नाही.

मी तेव्हा कोणाला बोलले नाही, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की म्हातारीला मी मारलं. नवऱ्याने नाही, मिस्त्र्याने नाही. हॉल मला पाहिजे होता.

आमचं गाव पवनीच्या बाजूचं, मोठ्या सडकेपासून दीड कोस आत. नवरा वरठीला लागला होता. तिथे लोखंडाचा कारखाना उभा होत होता. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. वरठी काही विलायत नव्हे, पण रोज जाऊन यायच्या अंतरावरही नव्हती. चार जण मिळून एक खोली घेतली होती, तिथे तो राहायचा. त्याची सुट्टी बुधवारी. मंगळवारी काम सुटलं की एसटी धरायचा, फाट्यावर उतरायचा आणि दीड कोस पायी यायचा. गुरुवारी पहाटे परत. असं दोन वर्षं चाललं.

एका मंगळवारी तो अंगणात शिरला आणि धाकटी आत पळाली. "आजी, पाव्हना आला," म्हणून सांगितलं तिने.

सासू हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. नवराही हसला. "पाव्हन्याले पाय धुवाले पानी तर दे," असं तो पोरीला म्हणाला. पण जेवताना त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. माझा नवरा दुसऱ्यांदा भात न घेणारा माणूस नव्हता. सासूने त्याच्या ताटाकडे पाहिलं, मी सासूकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून घर विकायचं ठरलं. कोणी ठरवलं असं सांगता येणार नाही.

वरठीला त्याच्यासोबतच्या एका कामगाराने दोन खोल्या बांधायला घेतल्या होत्या. भिंती झाल्या, वर पत्रे आले, आणि त्याच्या बापाने त्याला गावी बोलावून घेतलं, म्हणून त्याने त्या विकायला काढल्या. कारखान्यामुळे तिथे जागेचे भाव चढत होते. त्याने ठरवलं असतं तर दुसऱ्या कोणाला आठवड्यात विकून मोकळा झाला असता. पण नवऱ्याशी त्याचं बरं होतं. कार्तिक पौर्णिमेपर्यंत थांबतो म्हणाला, पुढे एक दिवस नाही. आमच्याजवळ विकण्यासारखं घरच होतं. शेताचं नाव घरात कोणी काढलं नाही. त्याचं नाव काढायचं नसतं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी, जावई, सोयरे सगळे येतात. रात्रभर दंडारीचा खेळ होतो, दुकानं लागतात. बैल, घर, नवरी, जे काही पाहायचं ते लोक मंडईला आल्यावर पाहून ठेवतात. कोणाला घर विकायचं आहे हे पेपरात देत नाहीत. पान खाताना एकाला सांगायचं, बस. म्हणजे घर मंडईपर्यंत तयार पाहिजे होतं, आणि मंडईला सव्वा महिना उरला होता.

नणदेचा नवरा भंडाऱ्याला एका ठेकेदाराकडे मुन्शी होता. घरबांधणीतलं आपल्याला कळतं असं तो म्हणायचा, आणि आम्हालाही ते खरं वाटायचं, कारण त्याच्या खिशात मोजायची फीत असायची. तो फटफटीवर आला, त्याने घर आतून बाहेरून मोजलं आणि मग छपरीत बसला.

"घर चांगलं हाय, पन दिसत नाही," तो म्हणाला.

"आमाले तर दिसते," सासू म्हणाली.

"तसं नोहोय मामी. आता घेनारा मानूस पहिले हॉल पाह्यते. मंग बाकीचं."

"हॉल म्हंजे?"

"बैठक. बारा बाय सोळा. मोठी खिडकी, खाली सिमेंट, भितीले कलर."

"आन् तिथं करतेत काय?"

"बसतेत."

"कोन?"

"पाव्हने-रावने."

"आन् पाव्हन्याले खाऊ काय घालतेत? हॉल?"

तो चिडला नाही. चिडणारा माणूस नव्हताच तो. त्याने माजघराच्या दारातून कोठी दाखवली. "ही निघाली पाह्यजे. सारी जागा खाऊन राहिली."

"थे धान खाते, जवाईबापू. जागा नाही खात."

मी यात बोलायला नको होतं, पण बोलले. भंडाऱ्याला नणदेच्या शेजारी मी एक हॉल पाहिला होता. गज लावलेली खिडकी, तिला हिरवा पडदा, खाली गुळगुळीत सिमेंट. त्यावर पाय ठेवला की गार लागायचं आणि पायाला शेण लागायचं नाही. लग्न होऊन दहा वर्षं मी दर आठवड्याला सारवत होते. मी म्हटलं, "भाऊजी म्हन्तेत थे बराबर हाय. भाव येईन." भाव येईल हे खरंच वाटत होतं. पण विकायच्या आधी पंधरा दिवस का होईना आपणही त्या सिमेंटवर बसू, हेही माझ्या मनात होतं. ते मी सांगितलं नाही.

आज माझ्या पोरी शहरात घरं घेतात, विकतात, आणि मला विचारतात की आई, विकायच्या आधी काय करू. मी त्यांना तेव्हाचंच सांगते. घर घ्यायला माणूस एकटा येत नाही. सोबत बायको येते, आणि एखादा म्हातारा येतो. म्हातारा आत जाऊन वर पाहतो. छपरातून उजेडाचे ठिपके दिसले की समजायचं, पाणी गळतं. बायको विहिरीवर जाते आणि तिथून चुलीपर्यंतची पावलं मोजते. माणूस अंगणात उभा राहून बैलबंडी फिरेल का ते पाहतो. रंग कोणी पाहत नाही. रंग पाहणारा माणूस घेणारा नसतो, त्याला फक्त पाहायचं असतं. छप्पर फेरा, फुटके कवेलू बदला, विहिरीचा गाळ काढा, मोरीचं पाणी वाट काढून लांब न्या, आणि गप बसा. शहरातल्या घराला विहीर नसते, तरी सांगणं तेच आहे. आधी गळणारं बंद करा.

सासूही त्या वेळी हेच म्हणत होती. "कवेलू फेरा आन् विहीर उपसा. बाकी राहू द्या." तिचं कोणी ऐकलं नाही, कारण तिच्याजवळ फीत नव्हती.

कोठीचा एक नियम होता. आत, अर्ध्या उंचीवर, सासऱ्यांनी गेरूची रेघ मारली होती. धान त्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. वरचं काढून खायचं, नवं धान आलं की वर टाकायचं, पण रेघ उघडी पडू द्यायची नाही. तिथे लक्ष्मी बसते असं त्यांनी सासूला सांगितलं होतं. मरायच्या आधीही त्यांनी हेच सांगितलं, की रेघ सांभाळ. तंगीच्या एका वर्षी आम्ही दोन वेळा आंबील पिऊन राहिलो, पण त्या बाईने रेघेखालचं धान काढलं नाही. मी तेव्हा नवी होते. मला राग आला होता. घरात धान असून उपाशी राहायचं, आणि कारण काय, तर रेघ.

आता सिमेंट आणायचं तर पैसा पाहिजे होता आणि हॉल काढायचा तर कोठी रिकामी पाहिजे होती. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी दोन दिवस सासूशी बोलायची हिंमत केली नाही. तिसऱ्या दिवशी ती भाकर खाता खाता स्वतःच म्हणाली, "काढून टाक."

"काय?"

"धान. आनखी काय?"

"आन् लक्ष्मी?"

"लक्ष्मी वरठीले येईन मांगून. तिले का एसटीचं तिकीट लागते?" मग थोडा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "पोरगा पाव्हना झाला माहा. आता रेघ कोनासाठी सांभारू?"

नको म्हणायला पाहिजे होतं का, हे मी नंतर खूप वेळा स्वतःला विचारलं. पण मला तेव्हा नको म्हणायचंच नव्हतं. दोन बंड्या धान गिरणीवर विकलं गेलं आणि सिमेंटची सहा पोती छपरीत येऊन पडली. मी त्यांवर चादर टाकून ठेवली. शेजारणी पाहायला आल्या.

मिस्त्री गावातलाच, बायको त्याच्या हाताखाली मजुरी करायची. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. "वल्ली हाय भित. पावसाचं पानी अजून पोटात हाय हिच्या. मातीच्या भितीले माघ-फागुनातच हात लावा लागते, बाई. आता नोको."

"मंडई का माघात हाय?" मी म्हटलं.

"मले का करायचं? मी सांगून मोकळा झालो."

"मंग आता खिडकी पाडून मोकळा हो."

हे माझे शब्द. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

बुधवारी नवरा घरी होता म्हणून काम त्या दिवशी धरलं. थोरली शाळेत गेली होती. आधी बाहेरून खिडकीचं भोक पाडायचं, मग आतून कोठी फोडायची असा बेत होता. पण सासू शिडी लावून कोठीत उतरली. तळाला धान राहिलं आहे, त्यावर कुदळ मारू देणार नाही, म्हणाली. नवऱ्याने वरून वाकून दोनदा हाक मारली.

"माय, निघ ना आता."

"सूपभर हाय अजून."

"राहू दे ना वो सूपभर."

"तुह्या बापानं पेरलं नोहोय थे, मी रोवलं हाय चिखलात वाकून. तू जाय, तुही खिडकी पाड."

तो मागे गेला आणि मिस्त्र्याला म्हणाला, हिला वेळ लागेल, तू सुरू कर. मिस्त्र्याने लोखंडी सब्बल मारली. तिसऱ्या की चौथ्या घावाला भिंत गेली.

पुढचं मी वर सांगितलं. हाक मारून उत्तर आलं नाही. नवरा आत शिरायला निघाला तर मिस्त्र्याने त्याच्या अंगातली बंडी मागून पकडली. मिस्त्र्याच्या स्वतःच्या नडगीतून रक्त वाहत होतं, तो भिंतीसोबत पुढे तोंडावर पडला होता. वर अर्धं छप्पर लोंबत होतं. "पहिले थे कवेलू पडू दे, नाहीतर दोघं जासान," तो म्हणाला. आम्ही उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येत नाही. धाकटी मात्र एकसारखी विचारत होती की आजी कुठे आहे, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला होता, मारल्यासारखा जोरात.

मग आतून खोकल्याचा आवाज आला. नवरा मोठ्याने रडायलाच लागला.

"मेल्या," आतून सासू म्हणाली, "पहिले मले काढ. मंग रड."

धूळ बसल्यावर दिसलं ते असं. मयालीचं एक टोक कोठीच्या काठावर येऊन अडलं होतं. कोठीची भिंतीकडची बाजू फुटून आत गेली होती, उरलेल्या तीन बाजू उभ्या होत्या, आणि तेवढ्या कोपऱ्यात म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन, सूप डोक्यावर धरून बसली होती. मिस्त्र्याने मयालीला दोन लाकडी बल्ल्यांचा आधार दिला, कोठीची समोरची बाजू कुदळीने हळूहळू फोडली, आणि नवऱ्याने आईला काखेत हात घालून ओढून काढलं. तिचं डावं मनगट उलटं वाकलं होतं. बाकी खरचटलं होतं तेवढंच. ती उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हॉल कुठवर आला?"

मला हसू आलं नाही. तिला आलं.

मिस्त्री फुटलेल्या कोठीजवळ बसून बराच वेळ पाहत होता. मग त्याने नवऱ्याला बोलावलं. भिंत जिथून मोडली होती तिथे आत जुनी भेग होती, बोटं जातील एवढी, काळी पडलेली. कोणीतरी ती कधीकाळी चिखलाने बुजवली होती आणि वरून सारवलं होतं. भिंत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच आत झुकली होती. कोठी बरोबर त्या फुगवट्याला लागून उभी केलेली होती.

"थे कोठी नोहोय," मिस्त्री म्हणाला. "टेकू हाय. पोट भरून होती तवर भित धरून राह्यली. रिकामी केली, मंग कायनं धरन थे?"

गेरूची रेघ भेगेच्या दोन बोटं वर होती.

मी तिथे उभी होते. सासऱ्यांना मी चार वर्षं पाहिलं. कमी बोलणारा माणूस. भिंत झुकली आहे, धान तिला आधार आहे, हे त्यांनी बायकोला सरळ का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर आपण घाबरून माहेरी गेलो असतो, असं सासू म्हणाली. मला वाटतं, बाईला भिंतीतलं काय कळणार, असं त्यांना वाटलं असावं. लक्ष्मीचं कळेल. आणि तेही खरंच निघालं, कारण लक्ष्मीच्या नावाने तिने उपाशीपोटी रेघ सांभाळली. भिंतीच्या नावाने सांभाळली असती की नाही, कोण जाणे. पण मुलाला तरी सांगायचं. पुरुष माणसं मरताना अशा गोष्टी सोबत घेऊन जातात आणि मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर छप्पर पडतं.

शेजारच्यांच्या बंडीतून आम्ही तिला पवनीला दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्याने ती बैलाला, बंडीवाल्याला, मिस्त्र्याला आणि सिमेंटला शिव्या देत होती. मला एकही दिली नाही. मी तिच्या केसांतली माती काढत होते. मध्येच मी म्हटलं, "मामी, चुकी माही हाय."

"चूप बस," ती म्हणाली. "काढून टाक मी म्हनलं होतं. तुह्या म्हनन्यानं मी कधी काही केलं का?"

मी पुन्हा तिच्या केसांतली माती काढू लागले.

मनगटाला प्लास्टर झालं. ते नीट बसलं नाही. पुढे मरेपर्यंत तिचा तो हात थोडा बाहेर वळलेला असायचा, आणि तिने थापलेली भाकर गोल न होता एका बाजूला निघायची. दिवाळीच्या आधी दोन दिवस आभाळ आलं आणि अवेळी पाऊस पडला. अर्धं छप्पर उघडं होतं, छपरीतही पाणी शिरलं. सिमेंटची सहा पोती रात्रीतून दगड झाली. त्यावर टाकलेली चादर पोत्यांना चिकटली ती निघालीच नाही.

मंडई आली. घर म्हणजे समोरून घर आणि मागून मैदान. पौर्णिमेला दहा-बारा दिवस होते. नवरा मंगळवारी आला तेव्हा त्या कामगाराचा निरोप घेऊन आला, की दुसरं गिऱ्हाईक रोज येऊन बसतं आहे. नवऱ्याने निरोप सांगितला आणि हातपाय धुतले. आता घर विकलं जाणार नाही, तो असाच येत-जात राहील आणि पोरी मोठ्या होतील, हे आम्हाला दोघांनाही कळलं होतं. बोलून काय होणार?

बुधवारी नणदेचा नवरा फटफटीवर पेढे घेऊन आला. अंगणात उभा राहिला, आत यायला धजेना. सासू छपरीत हात गळ्यात बांधून बसली होती. "या ना जवाईबापू," ती म्हणाली. "खिडकी पाहून घ्या. तुमी सांगतली त्याहून मोठी झाली." तो तिच्या पाया पडला. पडल्यावर उठेना. तिने त्याच्या डोक्यावर चांगल्या हाताने एक टपली मारली, तेव्हा उठला.

त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या गावचा एक माणूस बायकोला घेऊन आला. शाळेत मास्तर होता, बहिणीकडे मंडईला आला होता. सोबत म्हातारा नव्हता. मी मनात म्हटलं, म्हातारा नाही म्हणजे हा नुसता पाहायला आला. त्याने पडलेलं घर पाहिलं, मागे जाऊन आवाराची लांबी पावलांनी मोजली, सडकेकडे किती तोंड आहे ते मोजलं. घराकडे त्याने पुन्हा पाहिलंही नाही. त्याची बायको विहिरीवर गेली. बादली सोडली, ओढली, ओंजळीने पाणी प्याली.

"गोड हाय," ती म्हणाली.

"आता गोड हाय," सासू म्हणाली. "बैसाखात येजो."

मी सासूच्या पाठीत बोट खुपसलं. तिने लक्ष दिलं नाही.

"काहून, आटते का?"

"आटत नाही. पन दोरी दोन हात वाढवा लागते, आन् बादली हळू सोडा लागते. धपकन सोडली का गढूळ येते."

ती बाई दोरीकडे पाहत उभी राहिली. "आमची तर माघातच आटते," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "घेऊन टाका."

मास्तर नवऱ्याला म्हणाला, "मला विटांचं नवीन बांधायचं आहे. जुनं पाडायचंच होतं. तुम्ही अर्धं पाडून ठेवलं, तेवढी मजुरी वाचली." मास्तर पुस्तकातलं बोलायचा. नवऱ्याला यावर हसावं की काय ते कळेना. मी हसले. महिनाभरात पहिल्यांदा. जागेचा आणि विहिरीचा भाव आला. हॉलचा, खिडकीचा, रंगाचा भाव त्यात कुठे नव्हता, कारण त्यातलं काही झालंच नव्हतं. झालं असतं तरी त्याने ते पाडलंच असतं. दगड झालेली सहा पोती त्याच्या बायकोने मागून घेतली. विहिरीजवळ कपडे आपटायला चांगली आहेत, म्हणाली.

सासूने आधीपासून हट्ट धरला होता की मी वरठीला येत नाही, गावातच कोणाच्या छपरीत राहीन. सामान बंडीत भरताना नवरा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. थोरली म्हणाली, "आजी, चाल ना." सासूने मला विचारलं, "तिथं चूल कुठं हाय, आत का बाहेर?"

"आत."

"धूर होईन."

"होईन."

ती उठली आणि बंडीत जाऊन बसली. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आम्ही पाच जण वरठीच्या त्या दोन खोल्यांत राहायला गेलो. खाली मातीच होती. ती मी शेणाने सारवली.

भिंत पडली त्या बुधवारी घरात आणि आवारात मिळून सहा माणसं होती: सासू, नवरा, मिस्त्री, मिस्त्र्याची बायको, धाकटी आणि मी. सहाही वाचलो. सासू वरठीत त्यानंतर अकरा वर्षं जगली. मिस्त्री आणि त्याची बायको गावातच म्हातारे होऊन गेले. नवरा कारखान्यातून निवृत्त होऊन पाच वर्षांनी गेला. त्या सहांपैकी आता धाकटी आहे, आणि मी आहे.